ऱ्हायझोपस, साखर आणि आपण

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने ऱ्हायझोपसची आकृती काढलेली असते. ओलसर पावाचा तुकडा काचेच्या झाकणाखाली तीन-चार दिवस ठेवायचा. त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी चढते, मग तिच्या टोकांना काळे ठिपके येतात. त्यातली थोडी सुईने उचलून स्लाइडवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकातून पाहून जर्नलमध्ये उतरवायची. आडवे धावणारे तंतू, मुळांसारखे तंतू, उभ्या दांड्या आणि दांडीच्या टोकाला बीजाणूंची गोल पिशवी. आमच्या बॅचला हा प्रयोग होता त्या दिवशी सर्वांनी नाके मुरडली, थोडी थट्टा केली आणि आकृतीवर सरांची सही घेऊन मोकळे झाले. माझी आकृती मात्र त्या दिवशी अर्धीच राहिली. या नावाची ओळख मला पुस्तकात होण्याच्या दोन वर्षे आधी घरात झाली होती.

मे २०२१ ची गोष्ट आहे. मी त्या वेळी एस.एस.एल.सी.ला होते. माझ्या धाकट्या मामांचे शिवणकामाचे दुकान. वय अठ्ठेचाळीस. सहा-सात वर्षांपासून त्यांना 'शुगर' होती, म्हणजे घरात तसे सर्वांना ठाऊक होते. गोळी आठवण झाली तर घ्यायची, चहात साखर अर्धा चमचा कमी घालायची, एवढाच तिचा घरात मान. एप्रिलच्या शेवटी त्यांना ताप आला आणि तपासणीत कोरोना निघाला. बोटाला लावायचे यंत्र शेजाऱ्यांकडून आणले होते. त्यावर प्राणवायूचा आकडा एकदाही ९५ च्या खाली गेला नाही. म्हणजे दुखणे सौम्यच होते. पण दवाखान्यात पाय ठेवायची भीती वाटत होती आणि खाटाही मिळत नव्हत्या. म्हणून शेजारच्या गल्लीत एकाला ज्या गोळ्यांनी गुण आला होता, त्याच गोळ्या त्याच्याच चिठ्ठीवर आणल्या. त्यांत स्टिरॉइड होते. मामांनी त्या जवळजवळ दोन आठवडे घेतल्या. ताप गेला, भूक लागली, सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या दोन आठवड्यांत रक्तातील साखर एकदाही तपासली गेली नाही.

पुढे आठ-दहा दिवसांनी आईने फोन केला तेव्हा मामांचा आवाज जड येत होता.

"काय रे, बोलायलास असा का?"

"दाढ ठणकायलीय ग अक्का, दुसरं काय नाही."

आजीने लवंग धरायला सांगितली. दोन दिवस लवंग झाली, दोन दिवस मिठाच्या गुळण्या झाल्या. पाचव्या दिवशी मामा म्हणाले, गाल मेल्यासारखा झालाय, हात लावला तरी कळत नाही. सहाव्या दिवशी मामींच्या लक्षात आले की डाव्या डोळ्याची पापणी खाली आली आहे आणि मामांना एकाचे दोन दिसत आहेत. मग धावपळ झाली. इस्पितळात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून टाळूकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "शुगर किती आहे?" आमच्यापैकी कुणालाही उत्तर देता आले नाही. ती चारशेच्या वर निघाली. नाकातला थोडा भाग काढून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून त्याच संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला. रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटलेले तंतू दिसले. ही तीच मंडळी होती, जिची आकृती दोन वर्षांनी मला काढायची होती. (पावावर येणारी जात शरीराच्या उष्णतेत नीट वाढू शकत नाही. रोग करणारी बहुधा तिची भाऊबंद असलेली 'अऱ्हायझस' ही जात असते. पण कूळ एकच.)

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. तीन दिवसांनी डावा डोळा काढावा लागला. त्यानंतरच्या आठवड्यात एका पहाटे मामांचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली.

त्या दिवशी एका तरुण निवासी डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर पेनाने चित्र काढून आईला जे समजावले, ते मी शेजारी उभी राहून ऐकले. पुढे पुस्तकांतून ते नीट समजून घेतले. तेच येथे सांगते, कारण मला जे मत मांडायचे आहे ते त्या चित्रावरच उभे आहे.

आपल्या नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. ऱ्हायझोपस व त्याच्या कुळातील बुरशींचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात आणि हवेत सर्वत्र असतात. आपण सर्व जण रोज ते श्वासावाटे आत घेतो. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांना तेथल्या तेथे संपवतात. परंतु रक्तात साखर फार वाढली की याच पेशी सुस्त होतात. मधुमेह अगदी हाताबाहेर गेला की रक्त आम्लधर्मी होऊ लागते. एरवी प्रथिनांनी बांधून ठेवलेले लोह मग सुटते आणि बुरशीला हवे असते ते लोहच. त्यात स्टिरॉइडची भर पडली, तर ते साखर आणखी वाढवते आणि उरल्यासुरल्या पहारेकऱ्यांनाही झोपवते. बीजाणूला रुजायला यापेक्षा चांगली जमीन कोणती हवी?

एकदा रुजली की ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते. वाहिनीत रक्ताची गुठळी होते, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो. 'काळी बुरशी' हे नाव वृत्तपत्रांनी घरोघर पोचवले खरे, पण काळी असते ती मेलेली कातडी आणि मेलेले हाड. आणि जेथे रक्त पोचत नाही तेथे रक्तातून दिलेले औषधही पोचत नाही. म्हणूनच नुसत्या इंजेक्शनांनी हा रोग हटत नाही, मेलेला भाग शस्त्राने काढावाच लागतो. लोक विचारतात, डोळा का काढला? डॉक्टरांना हौस नव्हती, हे त्याचे उत्तर आहे.

सायनसकडून डोळ्याच्या खोबणीत जायला मध्ये कागदासारखे पातळ हाड असते. खोबणीच्या मागच्या टोकाशी, कवटीच्या तळाला, दोन्ही बाजूंना अशुद्ध रक्ताचा एकेक कप्पा आहे. त्यालाही 'कॅव्हर्नस सायनस' असेच नाव आहे, पण त्यात हवा नसते, रक्त असते. या बोटाच्या पेराएवढ्या जागेतून डोळा फिरवणाऱ्या तिन्ही नसा जातात, कपाळ व गालाची जाणीव नेणाऱ्या नसा जातात आणि मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनीही जाते. हे समजले म्हणजे मामांच्या दुखण्याचा एकेक दिवस उलगडतो. गाल बधिर झाला तो जाणिवेच्या नसेमुळे. पापणी पडली, एकाचे दोन दिसले ते डोळ्याच्या नसांमुळे. डाव्या बाजूच्या धमनीत गुठळी झाली तेव्हा मेंदूचा डावा भाग उपाशी राहिला. शरीराची उजवी बाजू आणि, बहुतेक माणसांत, भाषा त्या भागाच्या ताब्यात असते. याशिवाय नाकाच्या छताला चाळणीसारखे हाड आहे, त्यातून बुरशी सरळ मेंदूच्या पुढच्या भागात जाऊ शकते. तेथे गळू झाले तर दुखण्यापेक्षा माणसाचा स्वभाव बदलणे, गुंगी, झटके अशी लक्षणे दिसतात आणि घरचे म्हणतात, आजाराने चिडचिडा झालाय.

हे सारे ज्ञान २०२१ मध्ये नव्याने सापडले काय? मुळीच नाही. माणसाला होणाऱ्या या रोगाचे पहिले वर्णन पाल्टाउफ या विकृतिशास्त्रज्ञाने १८८५ साली केले. मधुमेही रुग्णात सायनस, डोळा आणि मेंदू अशा क्रमाने पसरणारे रूप अमेरिकेतील तीन डॉक्टरांनी १९४३ साली लिहून ठेवले. म्हणजे आमच्या घरात लवंग शोधली जात होती तेव्हा या ज्ञानाला अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली होती. कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर, डिसेंबर २०२० मध्येच, दिल्ली आणि अहमदाबाद येथील डॉक्टर असे रुग्ण वाढत असल्याचे वृत्तपत्रांतून सांगत होते. मग मे महिन्यात आपण सारे चकित कसे झालो?

२० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने हा रोग साथरोग कायद्याखाली नोंद करण्याजोगा ठरवावा असे राज्यांना कळवले. २८ जूनपर्यंत देशात ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले आणि ३,१२९ मृत्यू झाले. या रुग्णांपैकी ३४,९४० जणांना कोरोना झालेला होता, २६,१८७ जणांना मधुमेह होता आणि २१,५२३ जणांना स्टिरॉइड दिलेले होते. हे सरकारनेच दिलेले आकडे आहेत. ते नीट वाचले तर गुन्हेगार कोण हे शोधायला गुप्त पोलिसांची गरज नाही.

परंतु त्या दिवसांत आपण काय करीत होतो ते आठवा. कुणी मास्कला दोष दिला, कुणी प्राणवायूच्या नळकांड्यांना, कुणी वाफाऱ्याला. कांद्याच्या सालीवरची काळी भुकटी आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर हीच ती बुरशी, असे निरोप भ्रमणध्वनीवरून फिरत होते. आमच्या गल्लीत पोतीच्या पोती कांदे सोलून धुतले गेले. कांद्यावरची ती बुरशी वेगळ्याच जातीची असते. मग काळीच्या पाठोपाठ 'पांढरी' आणि 'पिवळी' अशीही नावे निघाली. आपल्यात म्हण आहे ना, दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! कांदे धुवून झाले, पण घरातल्या मधुमेही माणसाची साखर कुणी मोजली नाही.

येथे मला दोन गैरसमज टाळायचे आहेत. पहिला असा की स्टिरॉइड हे विष आहे. तसे मुळीच नाही. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की डेक्सामेथासोन रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले, तर कृत्रिम श्वासावर असलेल्या कोरोना रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. प्राणवायूवर असलेल्यांतही फायदा होतो. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नाही त्यांना काही लाभ झाला नाही, हेही त्याच चाचणीत दिसले. हजारो जीव त्या स्वस्त गोळीने वाचले. माझा आक्षेप दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणलेल्या, साखर न तपासता घेतलेल्या, कधी थांबवायची हे न विचारलेल्या गोळीला आहे. दुसरा गैरसमज असा की प्रत्येक सर्दी आणि प्रत्येक डोकेदुखी म्हणजे हा रोग. सायनसमध्ये बुरशीचे इतरही प्रकार होतात. काही नुसत्या ॲलर्जीचे असतात, काहींत बुरशीचा गोळा एका पोकळीत वर्षानुवर्षे निमूट बसून राहतो. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा एक संथ प्रकार सुदानमध्ये आणि आपल्याकडे धडधाकट माणसांतही दिसतो, त्यात महिनोन् महिने डोळा हळूहळू पुढे येत जातो. तोही दुर्लक्ष केले तर मेंदूपर्यंत जातो, पण तेथे उपचाराला अवधी मिळतो. मामांना झालेल्या प्रकारात मात्र दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

काही जण म्हणतात, रुग्णानेच पथ्य पाळले नाही, दोष त्याचाच. मामांना भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी तर हे त्यांच्या खाटेशीच बोलून दाखवले. मला हे पटत नाही. मामा चुकले हे खरे आहे. पण लॉकडाऊनमध्ये शिवणाचे दुकान दोन महिने बंद, हातात पैसा नाही, साध्या तपासणीला दवाखाना उघडा नाही, आणि ज्या गोळ्या चिठ्ठी असल्याशिवाय विकू नयेत असा नियम आहे त्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवर सहज मिळतात! अशा वेळी एकट्या माणसाच्या जिभेवर सारा दोष टाकून समाजाने हात झटकावेत, हे सोपे आहे, न्याय्य नाही. पुढचेही ऐका. अँफोटेरिसिन हे यावरचे जुने औषध साध्या रूपात मूत्रपिंडांना अपाय करते. म्हणून चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेले रूप देतात. त्याच्या मामांना रोज सहा कुप्या लागत. एकेका कुपीला काही हजार रुपये, आणि मे महिन्यात पैसे देऊनही त्या मिळत नव्हत्या. मोठा मामा तीन जिल्हे हिंडला. मामींचे दागिने गेले, शिवणाच्या दोन यंत्रांपैकी एक गेले. जूनमध्ये सरकारने त्या औषधावरचा कर माफ केला, ते चांगलेच झाले. पण तोवर वरात पुढे गेली होती.

आणि आता? लाट ओसरली तसा हा विषयही ओसरला. गरज सरो, वैद्य मरो. जणू तो रोग कोरोनाबरोबर आला आणि कोरोनाबरोबर गेला. हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. हा रोग कोरोनाच्या आधी भारतात जगातील इतर देशांच्या मानाने कितीतरी जास्त होता आणि आजही आहे, कारण त्याचे मूळ आपल्या साखरेत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि सर्वांत मोठे प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के आहे. म्हणजे तेथे चार प्रौढ माणसांमागे एक. आपल्या भागातही वर्गातल्या ज्या मुलाच्या घरी कुणालाच शुगर नाही असा मुलगा शोधावा लागेल. दमा, सांधेदुखी, अंगावरचे पुरळ अशा दुखण्यांवर आजही स्टिरॉइडच्या गोळ्या विचारपूस न करता घेतल्या जातात. जमीन तयार आहे आणि बीजाणू हवेत आहेतच.

मग काय करावे? मोठमोठ्या योजना सुचवण्याचा माझा अधिकार नाही. आपल्या आवाक्यातल्या तीन गोष्टी मात्र सांगते.

पहिली गोष्ट. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी खेड्यात जाते. आपण रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, झाडे लावतो. यापुढे शिबिरात साखर मोजण्याचे एक यंत्र आणि पट्ट्या न्याव्यात, जवळच्या आरोग्य केंद्राच्या मदतीने चाळिशीपुढच्या प्रत्येकाची साखर तपासावी आणि आकडा कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावा. "शुगर किती आहे?" या प्रश्नाला घरातल्या एकाला तरी उत्तर देता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट. कोणत्याही दुखण्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर तीन प्रश्न विचारायला आपण घरच्यांना शिकवावे. यात स्टिरॉइड आहे का? ते किती दिवस घ्यायचे? साखर कधी तपासायची? पदवीधर होऊ घातलेल्या मुलामुलींनी एवढे विचारण्यात उद्धटपणा नाही.

तिसरी गोष्ट या अंकापुरती. आपल्या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत आणि बहुधा दोहोंचे वाचक एकमेकांची पाने उलटून पुढे जातात. इस्पितळातले कागद मामींना वाचता आले नाहीत, आणि शेजारच्या खाटेवरच्या कन्नड आजींना आमच्या घरातले बोलणे कळत नव्हते, पण त्यांच्या मुलाचीही पापणी तशीच पडली होती. माझी संपादकांना विनंती आहे की पुढील अंकात एकच पान दोन्ही विभागांत, दोन्ही भाषांत छापावे. त्यावर एवढेच असावे: मधुमेह असलेल्या किंवा स्टिरॉइड घेतलेल्या माणसाला एका बाजूचा गाल वा वरची दाढ दुखू लागली, गाल बधिर झाला, नाकातून रक्तमिश्रित किंवा काळसर स्राव आला, दात हलू लागले, पापणी पडली, डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसले, तर लवंग शोधू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत झालेल्या एका अभ्यासात, उपचार सहा दिवस वा अधिक लांबले तर मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले असे २००८ सालीच दिसून आले होते. आमच्याकडे लवंग आणि गुळण्यांत नेमके पाच-सहा दिवस गेले.

मामा वाचले. आता ते काठी घेऊन दारापर्यंत येतात. उजव्या हाताला कात्री पेलत नाही, म्हणून दुकान मामी चालवतात आणि मामा कापडावर खडूची रेघ बरोबर आहे का ते एका डोळ्याने पाहून मान हलवतात. वाचा थोडी परतली आहे. चाळीस वर्षे दोन्ही भाषांतली गिऱ्हाइके केल्यामुळे की काय, कधीकधी मराठी शब्द अडतो आणि त्या जागी कन्नड येतो. पाणी हवे असते, तोंडून 'नीरु' निघते. आजी हसते आणि पाणी देते.

माझी ती अर्धी राहिलेली आकृती मी दुसऱ्या दिवशी पुरी केली. सरांनी कारण विचारले तेव्हा सांगितले. त्यांनी तो तास थांबवून सर्व वर्गाला हीच गोष्ट ऐकवली. तासानंतर माझ्या बाकावरची मैत्रीण हळूच म्हणाली, "आमच्या अप्पांची शुगर दोन वर्षं तपासलीच नाही." त्या संध्याकाळी तिने ती तपासून घेतली. हा लेख वाचून आणखी दोन-चार घरांत तेवढे झाले, तरी मला पुरे आहे.